बनी तो बनी, नहीं तो परभणी: 'आपल्याच्यानं होत नसतंय'ची पार्श्वभूमी

परभणीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पोलीस भरती, तलाठी, नीट, आयटीआय, जे निघेल त्याचा फॉर्म भरायला पोरं येतात आणि फोटो स्कॅन होईपर्यंत त्यातली निम्मी तरी हेच म्हणतात, "भरून ठेवा दादा, आपल्याच्यानं काय होत नसतंय म्हणा." आणि हे फीचे पैसे मोजता मोजता. म्हणजे आशा आहे, पण ती चारचौघात कबूल करायची लाज वाटते.

सुरुवातीला मला राग यायचा, वाटायचं एवढंच आहे तर कामून भरतो बाबा. मग एक दिवस लक्षात आलं की हेच वाक्य माझे आजोबा बोलायचे, वडील बोलायचे आणि पुण्यात होस्टेलवर असताना मी पण बोलायचो. तीन पिढ्या तेच बोलतायत म्हटल्यावर त्याला एकट्या पोराचा स्वभाव कसं म्हणायचं?

आमच्याकडं म्हणच आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर जमलं, नाहीतर आपलं गाव आहेच. लोक हसण्यावारी नेतात, आम्ही पण हसतो, आणि त्याच तोंडानं 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं पण ठोकून देतो. पण पहिल्या म्हणीची भाषा बघा, मराठी नाही ती. उर्दू-हिंदीच्या वळणाची आहे, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू, आणि 1918 ला हैदराबादेत सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम पण उर्दूच. माझे आजोबा उर्दूत शिकले. जमिनीचा जुना कागद घडाघडा वाचायचे, गावात मान होता. मग पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारताच्या फौजेनं निजामाचं राज्य घेतलं, 1956 ला हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्र झाला, आणि हळूहळू सगळा कारभार मराठीत आला, जे व्हायलाच पाहिजे होतं, पण ह्या माणसाचं शिक्षण मात्र एका झटक्यात बाद झालं. मराठी अर्ज लिहायला ते शेजारच्या मास्तरांना बोलवायचे आणि तहसीलीत बाकड्यावर गप्प बसायचे. दोष उर्दूचा नव्हता, मराठीचा पण नव्हता. पण शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांनी तेव्हा एवढंच बघितलं की आपला हुशार बाप इथं आल्यावर बोलत नाही.

ह्याच्या उलट चाललेलं काम पण तेवढंच जुनं आहे. निजामाच्याच काळात उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा चालली, स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिक्षक होते. 1950 ला नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं आणि त्याच वर्षी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज निघालं, तेच मिलिंद. ह्या नावावर मला जरा थांबायचंय. मिलिंद म्हणजे तो ग्रीक राजा, ज्यानं भिक्खू नागसेनाला एकामागून एक शंका विचारल्या. कॉलेजला नाव शंका विचारणाऱ्याचं आणि कॅम्पसला उत्तर देणाऱ्याचं, नागसेनवन! खेड्यातून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या 'तुपलं काम नाही हे' ऐकलेल्या पोरांना तिथं शंका घ्यायला शिकवलं, पण स्वतःवर नाही, तसं सांगणाऱ्यावर. माझ्या मते मराठवाड्यात आत्मविश्वासाचं ह्यापेक्षा मोठं काम झालेलं नाही. आपलं मराठवाडा विद्यापीठ यायला मात्र 1958 उजाडलं, तोवर डिग्रीवर नाव उस्मानियाचंच.

तिकडं परदेशात मानसशास्त्रवाले ह्याच प्रश्नावर डोकं लावत होते, की 'आपल्याच्यानं होत नसतंय' हे येतं कुठून. 1967 ला सेलिगमन आणि मायर ह्यांचा कुत्र्यांवरचा प्रयोग आला. ज्या कुत्र्यांना आधी असे शॉक दिले की काही करून ते थांबत नव्हते, त्यातली बरीचशी पुढं सुटायचा रस्ता असून पण पडून राहिली, एक बुटकं कुंपण ओलांडायचं होतं फक्त. ह्याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटलं. वाचल्यावर मला आजोबांचं बाकडंच आठवलं. पण खरी गंमत पुढं आहे, 2016 ला त्याच दोघांनी मेंदूवरचं नवीन संशोधन बघून लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासात हातपाय गाळून बसणं हे न शिकता आपोआप येतं, शिकावं लागतं ते दुसरंच, की आपल्या करण्यानं फरक पडतो. एवढी पन्नास वर्षांची चूक स्वतः छापून सांगायला पण छाती लागते.

आणि हे शिकायचं कसं, त्यावर बांडुरा नावाच्या माणसानं 1977 ला मांडणी केली. त्याच्याकडं सापाला भयंकर भिणारे लोक असायचे. नुसतं 'भिऊ नका' म्हणून भागत नव्हतं, पायरी पायरीनं जवळ जाऊन स्वतः साप हाताळला की भीती जायची. त्याचं म्हणणं, सगळ्यात पक्का विश्वास स्वतः केलेल्या कामातून येतो, त्याच्या खालोखाल आपल्यासारख्याच माणसाला जमलेलं बघून, आणि शाब्बासकी नि भाषणं त्यामानानं कच्ची. (आमच्या इथल्या मोटिव्हेशनल लेक्चरवाल्यांना हे कुणी सांगायचं?) त्याच्याही आधी, 1955 च्या सुमाराला अल्बर्ट एलिस आणि साठच्या दशकात ॲरन बेक ह्या मानसोपचारवाल्यांनी डोक्यात आपोआप येणारा उलटा विचार पकडून त्याला पुरावा मागायची रीत बसवली होती. एलिसचं शास्त्र मराठीत आणलं ते डॉ. कि. मो. फडके ह्यांनी.

आता लातूर पॅटर्न, म्हणजे लातूरच्या कॉलेजांची परीक्षेची तयारी करून घ्यायची पद्धत, ह्या डोळ्यांनी बघा. जिल्हा झाला 1982 ला, आणि पुढच्या काही वर्षांत राजर्षी शाहू, दयानंद ह्या कॉलेजांची पोरं मेरिट लिस्टमध्ये दिसायला लागली. जादू काही नव्हती, सुट्टीत पण वर्ग, टेस्टवर टेस्ट, पेपर तपासून हातात, चुकलेलं परत. पायरी पायरीनं साप हाताळणंच झालं की हे. आणि औशाच्या पोराचं नाव पेपरात आलं की निलंग्याच्या पोराला वाटायचं, च्यायला हा तर आपल्यातलाच आहे. आता त्याच पॅटर्ननं नवीन भीती पण पैदा केलीय, नीटचे मार्क सांगताना पोरं आवाज बारीक करतात, ते मी दुकानात रोज ऐकतो.

बीडकडचं वेगळं. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, लहान पोरं बरोबर, शाळेचं अर्धं वर्ष फडात. तिथल्या पोराला मनात पाल चुकचुकतेय वगैरे सांगत बसायला वेळच नसतो. त्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, तीन हजार मीटर स्टीपलचेस हा अडथळ्यांवरून पळायचा प्रकार तो सैन्यात गेल्यावर पळायला लागला. 2018 ला त्यानं 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रुपेरी पदक, सोनं फक्त 0.05 सेकंदानं हुकलं, आणि ते पुढच्या वर्षी एशियाडला मिळालं. पोलीस भरतीच्या पोरांपुढं मी हेच नाव घेतो, बाकी कुणाचं घेतलं तर ती मोबाईल बघायला लागतात.

सगळंच पोराच्या डोक्यात असतं असं पण नाही. पेपर फुटतात, भरत्या वर्षानुवर्षं लटकतात, तिथं 'पॉझिटिव्ह रहा' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. आणि काहींचं गाडं फॉर्मच्या पलीकडं गेलेलं असतं, झोप नाही, जेवण नाही, जगूच नये असं बोलतात. त्यांच्यासाठी काउंटरला 14416 चिकटवून ठेवलाय, टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मागच्या आठवड्यात तो 'भरून ठेवा दादा'वाला एक पोरगा हॉल तिकिटाची प्रिंट घ्यायला आला. सेंटर नांदेडला आलं होतं. प्रिंट घडी करून खिशात घातली आणि म्हणला, "होत नसतंय म्हणा." मग दारातून परत फिरला आणि विचारलं, सकाळची पहिली गाडी कितीला आहे.