चामड्याची पिशवी ते गॅलरीतला ड्रम: दगड फिरवून गुळगुळीत करायची जुनी गोष्ट

रॉक टम्बलर म्हणजे काय, तर रबराचा एक डबा. त्यात दगड, पाणी आणि ग्रिट, म्हणजे दगड घासणारी कडक पूड, भरायची, झाकण घट्ट लावायचं, मोटरच्या रोलरवर आडवा ठेवायचा आणि महिनाभर फिरू द्यायचा. माझा आत्ता लिहिताना पण दादरच्या घरी गॅलरीत फिरतोय, पत्र्यावर संततधार पडत असावी तसा आवाज येतोय. बरेच नवीन लोक धरून चालतात की हा अमेरिकन छंद आहे, आणि घरगुती मशीनपुरतं ते बरोबरही आहे, तिकडे 1950 च्या दशकात लोकांनी गॅरेजमध्ये डबे आणि जुन्या मोटरी जोडून हे घरोघरी नेलं. पण दगडावर दगड फिरवून चकाकी आणायचं काम गुजरातमधल्या खंभातचे कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते, आणि त्यात जाणारा दगड तर आपल्याच काळ्या खडकाच्या पोटातला.

आधी दगडाचं सांगतो. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, अंधेरीची गिल्बर्ट हिल साधारण त्याच ज्वालामुखींच्या काळातली. लाव्हा थंड होताना आत गॅसचे बुडबुडे अडकले, पुढे लाखो वर्षं सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांमध्ये झिरपत राहिलं आणि एकेक पापुद्रा धरत अकीक तयार झाला, बाजारात ज्याला हकीक म्हणतात तोच. लाव्हाचा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, झिजून जातो, अकीक टिकतो, म्हणून तो गोदावरीच्या पात्रात गोट्यांमध्ये सापडतो. गावाकडे ठिणगी पाडायला जी गारगोटी वापरायचे ती याच्याच घरातली. आणि नर्मदेतला गोटा आपण म्हणतो ना, तो नदीनेच टम्बल केलेला दगड आहे, फक्त तिला कोणी महिन्याची मुदत दिलेली नव्हती.

या दगडाचा व्यापारही आपल्याकडूनच व्हायचा हे मला फार भारी वाटतं. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणहून असले दगड गाड्यांमध्ये भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भरूचच्या बंदरात यायचे. त्याच्याही साधारण अडीच हजार वर्षं आधी सिंधू संस्कृतीतले लाल अकीकाचे लांब मणी इराकमधल्या उरच्या राजघराण्याच्या कबरींपर्यंत पोचले होते.

खंभातची पद्धत 1880 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये दिलीय. भरूचजवळच्या रतनपूरच्या खाणीतले दगड आधी उन्हात वाळवायचे, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आचेवर तापवायचे, त्याने आतल्या लोहाचा रंग बदलून पिवळट दगड लाल होतो. मग फोडून, घासून मणी करायचे आणि शेकडो मणी एका जाड चामड्याच्या पिशवीत कुरुंद या फार कडक खनिजाची पूड आणि अकीकाचीच बारीक भुकटी घालून तोंड बांधायचं. खोलीच्या दोन टोकांना दोन माणसं बसायची आणि ती पिशवी ओढून इकडून तिकडे लोळवत राहायची, मधूनमधून पाण्याने ओली करत, असं दहा-पंधरा दिवस. माझी मोटर जे करते तेच काम चार हात करत होते! नंतर तिथेही मोटरवर फिरणारे ड्रम आले.

ग्रिट मात्र खरोखर बाहेरून आली. 1891 मध्ये पेनसिल्व्हेनियात एडवर्ड अॅचिसन कृत्रिम हिरा करायच्या खटपटीत होता, माती आणि कोक यांच्या मिश्रणातून वीज सोडली तर हाताला लागलं सिलिकॉन कार्बाइड, कुरुंदापेक्षाही कडक. खनिजांची कठिणता 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मोहच्या मापात अकीक 7 च्या आसपास, कुरुंद 9, हे त्याच्याही थोडं वर. आज आपण 60/90 ची जाड ग्रिट, मग 120/220, मग 500 (आकडा मोठा तशी ग्रिट बारीक) आणि शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश, असं साधारण आठवड्याला एक टप्पा करतो, त्यातले पॉलिशच्या आधीचे टप्पे याच्याच जिवावर.

एक गोष्ट नुसती सांगून पुढे जावंसं वाटत नाही. खंभातकडे अकीक कोरडा घासणाऱ्या कितीतरी कारागिरांना सिलिकोसिस झाला, दगडाची धूळ फुप्फुसात बसते ती बाहेर निघत नाही. त्यामुळे घरी कोरडा दगड कधीही घासू नका, फोडताना पण ओला करून आणि मास्क लावून. टम्बलरमध्ये पाणी असतं म्हणून धूळ उडत नाही, पण पहिल्या आठवड्यानंतर डबा उघडला की आत राखाडी चिखल असतो, ओल्या सिमेंटसारखा दाट, तो मोरीत ओतायचा नाही. मी पहिल्या वेळी ओतला आणि खालच्या मजल्यापर्यंत पाइप तुंबला. आता बादलीत गाळ बसू देतो, वरचं पाणी काढतो आणि गाळ सुकवून कचऱ्यात टाकतो.

पहिल्या खेपेला फक्त अकीक घ्या, डबा दोन तृतीयांश भरा. कांदिवली, मालाडच्या जुन्या खाणींमधले झिओलाइट नावाचे स्फटिक कोणाकडे असतील तर ते अजिबात टाकू नका, मऊ असतात, पहिल्याच आठवड्यात त्यांचा चिखल होईल, ते आहेत तसेच कपाटात सुंदर दिसतात. आणि पुढच्या ग्रिटला जायच्या आधी प्रत्येक दगड धुऊन पुसून पूर्ण वाळवून बघा, ओला असताना सगळेच चकाकतात. पॉलिशनंतर वाळल्यावरही ओल्यासारखाच दिसला तर तो झाला.