कुडकुडणाऱ्याला गुंडाळायचं की शेकायचं?
पावसाळ्यात कळसूबाईच्या माथ्यावर, 1646 मीटरवरच्या भन्नाट वाऱ्यात, भिजलेला एखादा गडी कुडकुडायला लागला की ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, नीट गुंडाळून ठेवा. दुसऱ्याचं, गरम पाण्याच्या बाटल्या लावून शेका. दोन्ही उपाय सारखेच वाटतात, पण पांघरूण उष्णता देत नाही. अंगातली बाहेर जाऊ देत नाही, एवढंच.

शरीराचं आतलं तापमान 35 ते 32 अंश सेल्सिअसच्या दरम्यान उतरलं की तो सौम्य हायपोथर्मिया. माणूस शुद्धीवर असतो आणि जोरात कुडकुडतो. हे कुडकुडणं म्हणजे अंगातली भट्टीच: स्वस्थ बसल्यावर जेवढी उष्णता तयार होते, तिच्या पाचपटीपर्यंत ती देऊ शकते. म्हणून नुसतं गुंडाळूनही भागतं. आडोसा गाठा, ओले कपडे उतरवा, डोकं-मान झाका, स्लीपिंग बॅगवरून प्लास्टिक लपेटा. आणि खाली कॅरीमॅट, म्हणजे फोमची चटई! वरून तीन जॅकेटं चढवून माणसाला गार कातळावर बसवलेलं हमखास दिसतं.

शेकण्यातली गोम वेगळी. कातडी गरम झाली की मेंदू कुडकुडणं कमी करतो. बाहेरून जेवढं मिळालं, तेवढं आतून घटतं. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेक्ट यांच्या गटाने 1994 मध्ये कुडकुडणाऱ्या माणसासोबत स्लीपिंग बॅगमध्ये दुसरा माणूस झोपवून पाहिला. नुसत्या कुडकुडण्यापेक्षा तापमान काही लवकर चढलं नाही.

मग शेकणं फुकट? मुळीच नाही. कुडकुडण्यात ताकद जळते. दमलेल्या, उपाशी माणसाची ती लवकर संपते (श्रावणातले उपवास धरून गड चढणारेही असतात). अशाला बाटल्या लावाव्यातच. पण काखेत, छातीला, पाठीला, आणि मध्ये कापड ठेवून. गारठलेल्या कातडीला चटका कळत नाही. हातपाय चोळत बसू नये.

चहाचंही असंच. कपभर गरम चहाने साठ किलोच्या माणसाचं तापमान अंशाच्या दहाव्या भागाइतकंही जेमतेम वाढतं. खरं काम करते ती साखर: तीन-चार चमचे म्हणजे साधारण 60 किलोकॅलरी, कुडकुडायला इंधन. दारू मात्र नको. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि उष्णता बाहेर पडते.

माझा कौल असा: आधी गुंडाळा, गोड खायला-प्यायला द्या, बाटल्या असतील तर लावा आणि किमान अर्धा तास चालवू नका. मात्र कुडकुडणं थांबलं आणि बोलणं अडखळू लागलं, तर हा सौम्य प्रकार राहिला नाही. तेव्हा आडवं झोपवून अलगद हाताळायचं, तोंडाने काही द्यायचं नाही, छातीला-पाठीला शेक चालू ठेवायचा आणि मदत बोलवायची.

पायथ्याच्या बारी गावात उतरल्यावर लगेच कढत पाण्याने अंघोळीची घाईही नको. रक्तवाहिन्या एकदम फुलून रक्तदाब उतरतो आणि माणूस मोरीतच कोसळू शकतो.