कार्ब मोठा केला की पेट्रोल वर का चढत नाही?

पाम बीच रोडवर रात्री गाड्या पळवणाऱ्या पोरांच्या घोळक्यात आणि कोपरखैरण्याच्या गॅरेजबाहेर एक सल्ला हमखास ऐकू येतो : "कंपनीचा कार्ब काढ, मोठा टाक, गाडी उडेल." कार्ब म्हणजे कार्बोरेटर, इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमध्ये कार्बऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं. पण ठाणे-नवी मुंबईत कार्बवाल्या जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत आणि त्यांच्यावर हा प्रयोग सर्रास होतो. नंतर गाडी आवाज जास्त करते, ॲव्हरेज कमी देते आणि सिग्नल सुटल्यावर नेमकी दम खाते. हे का होतं याच्या उत्तरात कार्बोरेटरमधली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट दडलेली आहे.

साध्या कार्बमध्ये पेट्रोल ढकलणारं काहीच नसतं. पिस्टन खाली जातो, कार्बच्या नळीतून हवा धावते आणि धावणाऱ्या हवेचा दाब घटतो. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच. खालच्या फ्लोट चेंबरमधल्या, म्हणजे कार्बच्या छोट्या टाकीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. शहाळ्यातलं पाणी नळीतून वर यावं तसं पेट्रोल या दोन दाबांच्या फरकावर जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, वर चढतं. आणि हा फरक हवेच्या वेगाच्या वर्गावर ठरतो. वेग निम्मा झाला, तर ओढ पावच उरते.

आता ढोबळ गणित करू. १५० सीसीचं चारस्ट्रोक इंजिन ८००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८००० फेऱ्यांवर, दोन फेऱ्यांत एकदा असं मिनिटाला ४००० वेळा श्वास घेतं, म्हणजे सेकंदाला सुमारे १० लिटर हवा. पण सक्शनचा, म्हणजे हवा ओढण्याचा स्ट्रोक चारातला एकच, म्हणून त्या क्षणी प्रवाह चौपट असतो. कार्बची नळी २६ मिमीची असेल, तर हवेचा वेग सेकंदाला ७५ मीटरच्या आसपास जातो. त्यातून मिळणारी ओढ पेट्रोलचा सुमारे ४६ सेंटिमीटर उंच स्तंभ उचलू शकते. ३२ मिमीचा कार्ब टाकला, तर वेग ५० मीटरवर येतो आणि ओढ २० सेंटिमीटरवर. तरीही पुरेशी आहे, गाडी वरच्या आरपीएमला व्यवस्थित पळते.

गाडी २००० आरपीएमवर असताना एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की मात्र चित्र पालटतं. २६ मिमीच्या नळीत ओढ ३ सेंटिमीटर, ३२ मिमीच्या नळीत सव्वा सेंटिमीटर. चेंबरमधलं पेट्रोल जेटच्या तोंडापेक्षा काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर खालीच असतं, म्हणजे मोठ्या नळीत ते जेमतेम तोंडाशी पोचतं. हवा भरपूर आली, पेट्रोल आलंच नाही. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, आणि जास्तीत जास्त ताकद साडेबारा-तेराला १ या प्रमाणात मिळते. ते प्रमाण बिघडलं की इंजिन मिस मारतं, म्हणजे मध्येच अडखळतं.

कंपन्यांनी यावर काढलेला उपाय फार हुशार आहे. अनेक गाड्यांत सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे हवेचा वेग टिकवणारा) कार्ब असतो. त्यात केबल फक्त फुलपाखरी झडप उघडते. नळीची वाट कमी-जास्त करणारी सरकती स्लाइड वर उचलण्याचं काम इंजिनची ओढच एका रबरी डायफ्रॅममधून, म्हणजे पातळ पडद्यातून करते. तुम्ही कितीही पिळा, हवेला वेग येईपर्यंत स्लाइड थांबून राहते आणि वाट अरुंदच ठेवते. बाजारातल्या साध्या गोल स्लाइडच्या कार्बमध्ये केबल थेट स्लाइडलाच जोडलेली असते, त्यामुळे ती काळजी चालवणाऱ्याच्या मनगटाने घ्यायची. केहिन एफसीआरसारख्या रेसिंग कार्बमध्ये पेट्रोलची पिचकारी मारणारा ॲक्सिलरेटर पंप असतो, तो याच कारणासाठी.

एअर फिल्टरचंही असंच आहे. कंपनीचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला, की तो इंजिनशेजारची तापलेली हवा ओढतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ३० ऐवजी ५० अंशांची हवा आत गेली, तर तिची घनता ६ टक्क्यांनी घटते. जुलैच्या दमट हवेत पाण्याची वाफ आणखी तीनेक टक्के जागा खाते, ती वेगळीच. त्यात पाऊस थेट फिल्टरवर.

आणि पेट्रोलच्या पाइपला लावायचे ते "मायलेज मॅग्नेट"! पेट्रोलच्या रेणूंवर चुंबकाचा परिणाम इतका नगण्य असतो, की ज्वलनात काहीच बदलत नाही. हँडलला लिंबू-मिरची बांधण्यात आणि यात फरक एवढाच, की लिंबू स्वस्त पडतं. विज्ञानाची भाषा वापरून लोकांचे पैसे काढले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

मोठ्या कार्बचा फायदा होतो, पण तो इंजिनला खरोखर जास्त हवा हवी असेल तेव्हाच : व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदललेला, हवेच्या वाटा म्हणजे पोर्ट मोठे केलेले, सिलिंडर बोअर करून रुंद केलेला. मूळ इंजिनात हवेची मर्यादा बहुतांशी व्हॉल्व्ह आणि कॅम ठरवतात, कार्बची नळी नाही.

जुन्या गाडीला सध्या खरी गरज वेगळ्याच गोष्टीची आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, शुद्ध इथेनॉलचं प्रमाण ९ ला १. त्यामुळे या ई-२० पेट्रोलचं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या पेट्रोलसाठी बसवलेला मेन जेट (मुख्य छिद्र) आता गरजेपेक्षा सात-आठ टक्के कमी पेट्रोल देतोय असं धरा. थोडी धाव घेऊन, वेगात असतानाच इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लग काढून पाहा. टोक पांढरंफटक दिसलं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तर कार्ब तोच ठेवून मेन जेट एक नंबर मोठा टाका आणि निडलची, म्हणजे जेटमध्ये उतरणाऱ्या निमुळत्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे निडल वर येते आणि पेट्रोलला वाट जास्त मिळते.