इंजिन लाइट लागली, गाडीचा पिकअप गेला? गॅरेजला आणायच्या आधी हे वाचून घ्या

डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राची पिवळी लाइट लागली की लोक दोनपैकी एक करतात. एकतर घाबरून गाडी तिथंच रस्त्यात बंद करतात, नाहीतर "चालून तर राहिली ना, मग राहू द्या" म्हणून महिनाभर तशीच पळवतात, आणि मग एक दिवस नागपुरात वर्धा रोडवर मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलाय अन् गाडी चाळीसच्या वर जायला तयार नाही. आमच्या गॅरेजच्या काउंटरवर प्रत्येकाला हेच सांगावं लागतं म्हणून एकदाचं लिहून काढलं. आमची विनंती एकच आहे, लाइट घालवून गाडी आणू नका, लाइट असू द्या आणि तशीच आणा.

कारण सांगतो. लाइट लागते त्या क्षणी गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, नुसता कोड (बिघाडाचा नंबर) ठेवत नाही, तेव्हा आरपीएम किती होता, इंजिन किती गरम होतं, लोड किती, स्पीड किती, हे सगळं त्या कोडसोबत जपून ठेवतो. याला फ्रीज फ्रेम म्हणतात आणि आमच्यासाठी अर्धं काम तिथंच होतं. आता कोणीतरी ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथ स्कॅनर लावून कोड क्लिअर केला, किंवा शेजारच्या भाऊने बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावलं, की लाइट जाते पण ही माहितीपण जाते, बिघाड मात्र होता तिथंच असतो. मग गाडी आमच्याकडे येते, स्कॅनरवर काहीच दिसत नाही, आणि ग्राहक म्हणतात का जी, तुमच्या मशीनला काहीच कळत नाही का. लाइट आपोआप गेली असेल तर मात्र टेन्शन नाही. तीन ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे चालू करून चालवून बंद करण्याच्या तीन फेऱ्या, नीट गेल्या की ईसीयू स्वतःच लाइट बंद करतो पण कोड मेमरीत बराच काळ राहतो, साधारण ४० वेळा इंजिन थंडचं गरम होईपर्यंत, तेवढ्यात आलात तर सापडतो.

आता थांबायचं कधी. लाल लाइट म्हणजे थांबायचंच, ऑइलची असो की टेम्परेचरची, बाजूला घेऊन इंजिन बंद, "पुढच्या चौकापर्यंत जातो" नाही. ऑइल प्रेशर नसताना तो एक किलोमीटर पुढे इंजिन खोलायच्या खर्चात जातो. पिवळी लाइट लागून राहिली आणि गाडी नॉर्मल चालतेय तर आरामात चालवत घरी जा, एकदोन दिवसात दाखवा. पिवळी लाइट लपलप करत असेल, म्हणजे ब्लिंक, तर गाडी मिसिंग करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथं जळतंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा पार्ट) तापून खराब होतो, तो पार्ट किती महाग आहे ते ज्याने बदललाय त्याला विचारा. तेव्हा रेस देऊ नका, हळू चालवा, जवळच्या जवळ थांबा.

आता पिकअप अचानक जाणं. बहुतेक वेळा इंजिन तेव्हा बिघडलेलं नसतं, ईसीयूने मुद्दाम पॉवर कापलेली असते, याला लिंप मोड म्हणतात. एखाद्या सेन्सरवरचा भरवसा उडाला की ईसीयू आरपीएम दोन-तीन हजारांच्या वर जाऊ देत नाही, टर्बो गाडीत बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेली जादा हवा) बंद करतो, म्हणजे गॅरेजपर्यंत पोचाल पण ओव्हरटेक करता येणार नाही. चावी बंद करून परत चालू केली की पुष्कळदा गाडी ठणठणीत होते, आणि इथंच लोक फसतात, की गेला प्रॉब्लेम. गेलेला नसतो, ईसीयू फक्त पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागलेला असतो. एक साधं कारण सांगतो, आजकाल ॲक्सिलेटरला केबल नसते, पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि ईसीयू दोघांचं म्हणणं सतत जुळवून बघतो. कपलर, म्हणजे वायर जोडायचा सॉकेट, ढिला झाला, एकाचं रीडिंग क्षणभर दुसऱ्याशी जुळलं नाही, की पॉवर कट. दोन साक्षीदार वेगवेगळं बोलले की केस तिथंच थांबते, तसं. यात पेडल बदलायच्या आधी कपलर आणि वायर बघावी लागते, पण बदलून टाकणं सोपं पडतं ना.

हा मुद्दा जरा लांबवतो कारण भांडणं इथंच होतात. कोड म्हणजे पार्टचं नाव नाही. पी०१७१ आला म्हणजे मिक्श्चर लीन आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, एवढंच. ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. एखादा व्हॅक्यूम पाइप चिरलेला असू शकतो, एअरफ्लो सेन्सर मळलेला असू शकतो, फ्युएल पंपचं प्रेशर कमी असू शकतं. डिझेलवाल्यांचा नेहमीचा कोड पी०२९९, टर्बोचा बूस्ट कमी. कोड ऐकूनच कोणी टर्बो बदला म्हणालं तर थोडं थांबा. आम्ही पहिले इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाइपवर हात फिरवतो, क्लॅम्पच्या खालच्या बाजूने, जिथं दिसत नाही. चीर असेल तर बोटाला काळं ओलसर तेल लागतं, आणि गाडी रेस केली की तिथून फुस्स आवाज येतो, चढावर काळा धूर निघतो. पाइप टर्बोच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करून येणारेही खूप आहेत, काही बिघडत नाही करा, पण आपल्याकडच्या गाड्यांत लाइटचं कारण क्वचितच ते निघतं.

नागपूरचं काही वेगळंच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की गाडी सिग्नलला उभी असताना तापते, ईसीयू पहिले एसी बंद करतो, मग पॉवर कमी करतो, आणि ग्राहक एसीची तक्रार घेऊन येतात. रेडिएटरचा पंखा चालतोय का ते बघा. आणि कूलंटच्या जागी बोअरचं पाणी टाकू नका बाप्पा, इथलं पाणी हार्ड आहे, आत खवले धरतात. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण तर कोणीच उघडू नका, वाफेने तोंड भाजतं. पावसाळ्यात उंदीर. बॉनेट उघडलं की इंजिनवर पोह्याच्या द्रोणाचा तुकडा आणि खाली इंजेक्टरची वायर कुरतडलेली, असं दर पावसाळ्यात दिसतं. वायरला नुसती टेप मारून भागत नाही, सोल्डर करून स्लीव्ह घालावी लागते.

आणि २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन शहरात पाणी शिरलं तेव्हा ज्या गाड्या बुडाल्या, त्यातल्या कितीतरी वाळवून, धुवून विकल्या गेल्या असणार. सेकंडहँड गाडी घेतली आणि लाइट कधी इथली कधी तिथली लागत असेल, दर वेळी वेगळा कोड, तर कार्पेटखालचे कपलर उघडून बघावे लागतात, पिनांवर हिरवट बुरशीसारखं चढलेलं असतं. दुसरी शक्यता बॅटरीची, चार लाइट एकदम लागल्या की आम्ही पहिले चार्जिंग मोजतो, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवं. नसेल तर बाकी कोड सध्या बाजूला.

बीएस-६ डिझेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या. यात डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर असतो, काजळी साठवतो आणि गरम झाला की साधारण ६०० डिग्रीला जाळून टाकतो, पण तेवढं गरम व्हायला सलग चालणं लागतं. घर धरमपेठ, ऑफिस सीताबर्डी, अन् मध्ये दहा सिग्नल, अशा वापरात तो भरत जातो. नुसती डीपीएफची लाइट असेल तर एकदा बुटीबोरीपर्यंत जाऊन या, साठ-सत्तरच्या स्पीडने, मध्ये न थांबता, बऱ्याचदा साफ होतो. पण सोबत इंजिन लाइट लागली आणि पिकअपही गेला असेल तर हायवेवर नेऊ नका, मशीनने करावं लागतं. खरं सांगायचं तर रोज पाच-सात किलोमीटरच चालवायची असेल तर डिझेल गाडी घेऊच नये, हे आमचं मत, विकणारा सांगणार नाही. ज्या गाडीत धूर साफ करायला युरियाची वेगळी टाकी आहे तिथं इतके किलोमीटर उरले असं डॅशबोर्ड आधीपासून सांगत असतो, ते शून्यावर जाऊ देऊ नका, एकदा बंद केलेली गाडी मग स्टार्टच होत नाही.

येताना आम्हाला काय सांगायचं तर लाइट लागली तेव्हा गाडी थंड होती की गरम, चढ होता का, एसी चालू होता का, सीएनजीवर होती की पेट्रोलवर (सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक असेल तर आम्ही प्लग आणि कॉइलपासून सुरू करतो), आदल्या दिवशी कुठं पेट्रोल भरलं, मागच्या महिन्यात कोणी काय काम केलं. नवीन स्टिरिओ बसवला तेसुद्धा सांगा, हसणार नाही. फोनवर लाइटचा फोटो काढलात तर उत्तम, गाडी चालवताना नको.

स्कॅनिंगचा चार्ज वेगळा आहे, काम आमच्याकडेच केलं तर बिलात वजा होतो. कोडची प्रिंट तुम्हाला मिळते आणि काढलेला पार्टही परत मिळतो, मागायची गरज नाही. ज्यांची गाडी सकाळी पहिल्या स्टार्टलाच त्रास देते त्यांनी आदल्या संध्याकाळी लावून जावी, कारण घरून चालवत आणेपर्यंत इंजिन गरम होतं आणि आम्हाला जे बघायचं ते दिसतच नाही.