‘करार’ या शब्दामागची कापाकापी

मराठी बायबलचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. करार म्हटला की आपल्याला स्टँपपेपर आणि दोघांच्या सह्या आठवतात. देवाची वचने ख्रिस्तात पूर्ण झाली हे विधान समजायला तिथेच अडचण होते, कारण हिब्रूमध्ये ‘बरीथ’ (करारासाठीचा मूळ शब्द) करत नाहीत, कापतात.

हे कापणे बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात दिसते. देव अब्रामाला, म्हणजे पुढच्या अब्राहामाला, संतान आणि देश देण्याचे वचन देतो. तीन-तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका मधोमध चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडलेले. होला आणि पारव्याचे पिल्लू मात्र अखंड. मांसावर झेपावणारे पक्षी अब्राम हाकलतो आहे. या विधीचा अर्थ यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३४व्या अध्यायात उलगडतो. यरुशलेमच्या पुढाऱ्यांनी वासराच्या दोन भागांमधून जाऊन दासांना मुक्त करण्याचा शब्द दिला आणि मग फिरवला. आता तुमची गत त्या वासरासारखी, असे संदेष्टा त्यांना बजावतो. उत्पत्तीत मात्र अब्रामाला गाढ झोप लागलेली असते आणि तुकड्यांमधून जातात त्या धुमसती शेगडी व पेटती मशाल, देवाच्या उपस्थितीच्या खुणा. जबाबदारी एकट्या देवाने घेतली, ती अशी.

पुढे सीनाय डोंगराजवळ उलट घडते. लोक आज्ञा पाळण्याचा शब्द देतात. मोशे अर्धे रक्त वेदीवर टाकतो, उरलेले लोकांवर शिंपडतो (निर्गम २४). हा शब्द लोकांनी मोडला. दावीद राजाला मिळालेले सर्वकाळच्या राजासनाचे वचनही (२ शमुवेल ७) इ.स.पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम पडल्यावर अधांतरी लोंबकळू लागले. त्याच पडझडीच्या काळातला यिर्मया ‘नव्या करारा’बद्दल बोलतो (३१:३१-३४), जुन्या करारात हा शब्दप्रयोग एवढा एकदाच येतो.

म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत येशू दावीदाचा पुत्र आणि अब्राहामाचाही पुत्र आहे. शेवटच्या भोजनातला प्याला लूककडे ‘नवा करार’ आहे, मत्तय-मार्ककडे ‘कराराचे रक्त’. पहिल्यात यिर्मया ऐकू येतो, दुसऱ्यात मोशे.

नव्या करारातली पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा युक्तिवाद जास्त खटकतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (३:१६) तो अब्राहामाला दिलेल्या वचनातले ‘संतान’ एकवचनी आहे म्हणून ते ख्रिस्त, असे म्हणतो. हिब्रू ‘झेरा’ हा समूहवाचकही आहे, आणि पौलाला ते ठाऊक आहे: २९व्या वचनात तोच ख्रिस्ताच्या सगळ्या लोकांना अब्राहामाचे संतान म्हणतो. प्रवचनांत वधस्तंभ थेट त्या चिरलेल्या जनावरांशी जोडला जातो. जोड अर्थपूर्ण आहे, पण ख्रिस्त आपल्याकरता शाप झाला असे लिहिताना (३:१३) पौल आधार घेतो तो जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा (२१:२३), झाडावर टांगलेल्या माणसाचा.

वचने पूर्ण झाली म्हणजे इस्राएलचा हक्क संपला का, हा वाद मात्र मिटलेला नाही. देव आपली दाने आणि पाचारण मागे घेत नाही, असे पौल रोमकरांस पत्रात (११:२९) लिहितो. कॅथलिक चर्चने १९६५मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत यहुद्यांबद्दल बोलताना पौलाच्या याच वाक्याचा आधार घेतला.