दहा सेकंदांची लाट

आमच्या शेजारच्या काकू सांगलीतल्या एका महिला भजनी मंडळात जातात. गेल्या महिन्यात त्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरत आला. रोज १०८ वेळा नाम घेतलं की शरीरात विशिष्ट कंपनं तयार होतात, रक्त शुद्ध होतं आणि बीपीची गोळी लागतच नाही. हे म्हणे नासानं सिद्ध केलंय. काकूंनी गोळी बंद केली. काही दिवसांनी जिना चढताना गरगरलं म्हणून त्यांनी मला हाक मारली. दाब मोजला तर वरचा आकडा १८० च्या पुढे. डॉक्टरांकडे जाताना रिक्षात त्या सारख्या म्हणत होत्या, "अगं, पण जप केला की मला खरंच शांत वाटतं गं."

संदेश खोटा आहे. काकूंचं शांत वाटणं मात्र अगदी खरं आहे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि त्या शांततेमागची यंत्रणा मला सगळ्या अभ्यासक्रमात सर्वांत देखणी वाटते. ती अशा थापांखाली झाकली जाते याचं वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

ताण म्हणजे काय हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तेव्हापासून पावसाळ्यात दर तासाला "पाणी किती फुटांवर?" विचारणारी घरं मला माहीत आहेत. तासगावकडे द्राक्षं उतरायला आली असताना आभाळ भरून आलं की बागायतदाराची झोप उडते. अशा वेळी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलीन आणि कॉर्टिसॉल सोडतात. हृदय धडधडतं, साखर रक्तात उतरते, पचन मंदावतं. संकटातून पळायला हे सगळं लागतंच. पण पूर ओसरल्यावरही कर्जाचा हप्ता उरतो, आणि शरीर त्या हप्त्यालाही पुरासारखंच उत्तर देत राहतं.

या धावपळीला एक ब्रेक आहे. मेंदूच्या तळातून निघून मान, छाती, पोटापर्यंत जाणारी दहावी मस्तिष्क नस, व्हेगस (नस म्हणजे इथं संदेश नेणारी चेता, रक्तवाहिनी नव्हे). हृदयाला स्वतःची लय असते. मोकळं सोडलं तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. बसल्या जागी आपले ठोके ७० च्या आसपास असतात, कारण व्हेगसनं ब्रेक धरून ठेवलेला असतो. हृदयरोपण करताना ही नस तुटते, म्हणून अशा रुग्णाची नाडी आरामातही ९०-१०० च्या घरात राहते. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस चेतवली, ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला आणि तेही मंदावलं! नस रसायन सोडते, हे त्यातून कळलं. ते रसायन म्हणजे असेटिलकोलीन. १९३६ साली लोवींना नोबेल मिळालं.

आता श्वासाकडे. आपण श्वास घेतो तेव्हा हा ब्रेक थोडा सैल होतो, सोडतो तेव्हा पुन्हा आवळला जातो. म्हणजे निरोगी माणसाची नाडी घड्याळासारखी एकसारखी चालत नाही. श्वासाबरोबर किंचित पळते, किंचित रेंगाळते.

पुढचा भाग थोडा सावकाश वाचा. मानेतल्या मोठ्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत दाब मोजणारे संवेदक असतात. दाब घसरला की ते मेंदूला कळवतात, मेंदू दोन हुकूम सोडतो. हृदयाला: वेग वाढव. बारीक रक्तवाहिन्यांना: आवळा. पहिला हुकूम व्हेगसमार्फत जातो आणि पुढच्या एखाद्या ठोक्यातच अमलात येतो. दुसरा दुसऱ्या नसांनी जातो आणि त्याचा परिणाम दिसायला सुमारे पाच सेकंद लागतात. या उशिरामुळे सगळी गंमत होते. गॅस गिझरखाली अंघोळ करताना पाणी गार लागतं म्हणून आपण नळ फिरवतो, गरम पाणी पोचायला वेळ लागतो, तोवर आपण आणखी फिरवलेला असतो. मग चटका बसतो आणि उलटं फिरवतो. दाबाचंही तसंच. आवळण्याचा हुकूम पाच सेकंदांनी लागू होतो, दाब गरजेपेक्षा वर जातो. सैल सोडण्याचा हुकूम पुन्हा पाच सेकंदांनी. पाच आणि पाच दहा. म्हणून आपल्या रक्तदाबात साधारण दहा सेकंदांची एक मंद लाट कायम चालू असते. सिग्मंड मायर यांनी १८७६ मध्ये तिचं वर्णन केलं, तिला मायर लाट म्हणतात.

एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. श्वासाची लाट वेगळी, दाबाची वेगळी, एकीचा दुसरीशी मेळ नाही. पण श्वास मिनिटाला सहावर आला, म्हणजे दहा सेकंदांना एक, तर दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत कुणाला विचारा, तो वाजवूनच दाखवेल: वरची तार छेडली की खालची त्याच सुरात लावलेली तरफेची तार हात न लावता गुंजते. सूर जरा हलला तरी ती गप्प. याला अनुनाद म्हणतात. दहा सेकंदांच्या श्वासाला दाबाची ही तरफ बोलू लागते, नाडीचे चढ-उतार मोठे होतात, आणि ब्रेकला दर श्वासाला पुरेपूर व्यायाम मिळतो.

लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रार्थनेत मोजलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डिसेंबर २००१ ला आलेल्या त्यांच्या प्रयोगात २३ निरोगी माणसांनी एकदा लॅटिनमधली 'आवे मारिया' ही जपमाळेची प्रार्थना म्हटली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. दाब एका अंकानं वाढला तर दोन ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंदांनी लांबतं, हे मोजमाप सरासरी ९.५ वरून ११.५ वर गेलं, म्हणजे ब्रेक दाबाला जास्त तत्परतेनं उत्तर देऊ लागला. भाषा वेगळी, धर्म वेगळा, फुप्फुसं तीच.

त्या लॅटिन प्रार्थनेत अर्धा भाग धर्मगुरू म्हणतात, अर्धा जमलेले लोक. एकाचं म्हणणं चालू असताना दुसऱ्याचा श्वास भरून होतो. हे वाचलं आणि मला आमचं भजन आठवलं! बुवांनी चरण म्हणायचं, टाळकऱ्यांनी झेलायचं. मी काकूंच्या मंडळात घड्याळ लावून बसले. संथ अभंगात म्हणणं आणि झेलणं मिळून नऊ ते अकरा सेकंद. द्रुत गजरात अर्थातच हा हिशोब मोडतो.

याचा अर्थ शब्दांना मोल नाही असा मी काढणार नाही. काकूंना विठ्ठलाचं नाव हवं, कोऱ्या श्वासावर त्यांचं मन ठरणार नाही. पण कंपनांनी रक्त शुद्ध होत नाही, आणि नियमित सरावानं दाब उतरला तर थोडाच उतरतो. तो गोळीची जागा घेत नाही. दुसऱ्यासाठी दुरून केलेल्या प्रार्थनेचीही परीक्षा झाली आहे: हर्बर्ट बेन्सन यांच्या २००६ च्या अभ्यासात बायपास झालेले १,८०२ रुग्ण होते. अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, पण गुंतागुंत कमी झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं त्यांच्यात तर ती जास्त, ५९ टक्के, दिसली. प्रार्थना म्हणणाऱ्याच्या छातीत काय होतं ते मोजता येतं, बाकीचे दावे त्यावर लादू नयेत.

मंडळाचा आणखी एक फायदा श्वासापलीकडचा आहे. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात ठेवून घोट्याला हलका विजेचा झटका बसेल असं सांगितलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ स्पष्टपणे कमी झाली. अनोळखी हातानंही थोडी कमी झाली. पुरात शाळेच्या वर्गात एकत्र भाकरी थापणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मंगळवारी काकू आल्या नाहीत तर चौकशीला चार जणी दारात येतात, हेही औषधच. झोप आणि रोजचं चालणं यांवर इतकं लिहून झालंय की मी फक्त आठवण करते. आणि झोप, भूक, कामातलं लक्ष आठवडेच्या आठवडे परतत नसेल तर डॉक्टर गाठा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला. तिथं मराठीतही बोलता येतं.

काकूंची गोळी परत सुरू झाली आहे. डबी आता देव्हाऱ्यात जपमाळेशेजारी असते, दोन्ही एकाच वेळी हाती येतात. परवा मी त्यांची तीन बोटं त्यांच्याच मनगटावर ठेवली आणि पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर असं करायला सांगितलं. तिसऱ्या श्वासाला त्यांनी डोळे उघडले.

"अगं, आत घेताना पळतीय की गं ही! आणि सोडताना बघ, दमानं चालतीय."