टाळूला टाके पडले, आता कानांकडे बघू

तोंडातली टाळू दुभंगलेल्या जवळपास प्रत्येक बाळाच्या मधल्या कानात पहिल्या वर्षात पाणी साचतं. नाकामागून कानाकडे जाणारी नळी टाळूच्या स्नायूने उघडते. फट असेल तर तो स्नायू नीट बसलेला नसतो. नळी मिटून राहते, हवा पोचत नाही आणि पाणी गोंदासारखं चिकट होतं. बहुतेकदा कान दुखत नाही, वाहतही नाही, म्हणून घरात पत्ता लागत नाही. टाळूचं ऑपरेशन साधारण ९ ते १२ महिन्यांत झालं तरी काहींचा हा त्रास सात-आठ वर्षं चालतो.

ऐकणं साधारण २० ते ४० डेसिबलने उतरतं, आणि तेही रोज सारखं नाही. ताट पडलं की बाळ दचकतं, आजी म्हणते, ‘ऐकू येतंय की!’ येतंच. निसटतात ते हलके आवाज. ‘आला’ आणि ‘आलास’ यांत फरक आहे तो शेवटच्या ‘स’चा, तो कानी पडला नाही तर कोण आलं हेच मुलाला कळत नाही.

‘पापा’चं ‘मामा’ होत असेल तर बहुधा दोष कानाचा नसून हवा नाकातून जातेय. गार चमचा नाकपुड्यांखाली धरा आणि एका दमात ‘पापापा’ म्हणायला लावा. मध्येच श्वास सोडला तर वाफ धरणारच, ती मोजू नका. एरवीही धरली तर सर्जनला आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. नुसत्या उच्चारांच्या सरावाने ही गळती थांबत नाही.

टिंपॅनोमेट्रीला (पडद्यामागे पाणी आहे का ते पाहणाऱ्या चाचणीला) येताना बाळ ६ महिन्यांच्या आतलं असेल तर १००० हर्ट्झचा टोन लावायला सांगा. नेहमीच्या २२६ वर पाणी असूनही आलेख ठीक दिसू शकतो. बेरा (आवाज कानापासून मेंदूकडे पोचतो का ते पाहणारी चाचणी) झोपेत होते: बाळाला भुकेलं, पेंगुळलेलं आणा, दूध इथेच पाजा.

काही मुलांचा ऑडिओग्राम (किती हलका आवाज ऐकू येतो त्याचा आलेख) चांगला येतो, तरी वर्गाच्या गलक्यात सूचना अर्धीच उमगते. याची तपासणी साधारण ७ वर्षांनंतर होते: एका कानात ‘दोन, पाच’, त्याच वेळी दुसऱ्यात ‘नऊ, चार’, आणि चारही आकडे सांगायचे. इंदुरात घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी; मूल ज्या भाषेत आकडे मोजतं तीच चाचणीला हवी, नाहीतर भाषेची चूक कानाच्या नावावर जाते. सर्दीत ही तपासणी करू नये. आणि बोलणं उशिरा येतंय म्हणून घरातली मराठी बंद करू नका, त्याने काही साधत नाही.

ग्रोमेट (कानाच्या पडद्यात हवा जाण्यासाठी ठेवतात ती बारीक नळी) बसवलं असेल तर ते बहुधा ६ ते १२ महिन्यांत आपोआप गळतं. तोवर कानात तेल अजिबात नको, आणि डोक्यावरून आंघोळ घालताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवा. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, टँकरच्या फवाऱ्यापुढे मात्र हा कापूस टिकत नाही. गेर जाते त्या इंदूरच्या राजवाड्यावर मुलाला नेऊच नका, गच्चीवरून दाखवा.

येताना ऑपरेशनचे कागद आणि आधीचे सगळे आलेख आणा. पहिली ३ वर्षं दर ३ महिन्यांनी, पुढे दर ६ महिन्यांनी.